सही झाली म्हणजे तक्रार संपली का?

प्रश्न: ताई, आम्ही राजेंद्र नगरात राहतो. मुलगी एकोणीस वर्षांची, एका लहान खासगी कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. जुलैअखेर एक दिवस ती ओळखपत्र घरी विसरली, म्हणून गेटवरच्या गार्डनं रजिस्टरमध्ये तिचं नाव आणि मोबाइल नंबर लिहून घेतला. ३ ऑगस्टपासून त्याचे फोन सुरू झाले. रात्री अकरानंतर व्हॉट्सॲप. ‘आज पीले सूट में अच्छी लग रही थी’ इथपर्यंत मजल गेली. मला फोन करू नका, असं तिनं दोनदा लिहिलं. शेवटचा मेसेज २१ सप्टेंबरचा. त्यानंतर मैत्रिणीकडून आम्हाला कळलं. प्रिन्सिपल सर म्हणाले, गार्ड एजन्सीचा होता, त्याला बदलायला लावलं; फोन तर घरी आले, कॉलेजात काही घडलेलं नाही; एवढ्याशा कॉलेजात कमिटी कुठली; दिवाळीनंतर बघू. दिवाळीनंतर मुलीला एकटीला ऑफिसात बोलावलं आणि कागदावर सही घेतली: ‘गार्ड बदलल्याने माझे समाधान झाले, माझी कोणतीही तक्रार नाही.’ हे म्हणतात, आता सोड, मुलीचंच नाव होईल. सही केल्यावर काही करता येतं का? आणि केलं तर परीक्षेत अडवतील का?
— एक आई, इंदूर

उत्तर: ताई, आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढा आणि २१ डिसेंबरवर खूण करा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा तक्रारीला तीन महिने देतो, आणि प्रकार पुन्हा पुन्हा घडला असेल तर ते महिने शेवटच्या घटनेपासून मोजतो. म्हणजे ३ ऑगस्टपासून नाही, २१ सप्टेंबरपासून. समितीला आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवता येते, पण त्याची कारणं लेखी नोंदवावी लागतात. त्या वाढीवर विसंबू नका. ‘दिवाळीनंतर बघू’ हे वाक्य कुणी सहज म्हटलं असेल किंवा मोजून-मापून; तुमचे दिवस त्यानं खाल्ले, एवढं खरं.

आता सहीचं. तो कागद तुमचं दार बंद करत नाही. या कायद्यात समेटाची सोय आहे, पण तो बाईनं स्वतः मागायचा असतो, समितीपुढे व्हायचा असतो आणि पैशावर तर मुळीच करता येत नाही. प्रिन्सिपलच्या टेबलावर, आईबाप बाहेर असताना, तयार मजकुरावर घेतलेली सही या कशात बसते? गुन्ह्याची तक्रार करणार नाही असा करार कुणी केला तरी तो सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून बाद ठरतो. शिवाय पाठलागाचा गुन्हा तडजोडीनं मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीतही नाही.

तरी तुम्हाला खोटा धीर देत नाही. उद्या समोरचा वकील हाच कागद नाचवेल. त्याची धार कमी करायचा उपाय साधा आहे: सही कुठल्या तारखेला, कुणासमोर, काय सांगून घेतली, हे मुलीनं याच आठवड्यात कॉलेजला लेखी कळवावं आणि त्या कागदाची प्रत मागावी. दहा दिवसांत लिहिलेल्या हरकतीला जो वजनदारपणा असतो, तो दोन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात सांगितलेल्या हरकतीला येत नाही.

‘गार्ड एजन्सीचा’ हा बचाव मी इतक्यांदा ऐकला आहे की आता हसूही येत नाही. २०१३ च्या कायद्यात कर्मचाऱ्याची व्याख्या वाचा. थेट नेमलेला असो की ठेकेदारामार्फत आलेला, मूळ मालकाला माहीत असो वा नसो, त्या जागी काम करणारा माणूस तिथला कर्मचारीच. विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसीचे) २०१५ चे विनियम तर बाहेरून आलेल्या तिऱ्हाइतानं केलेला छळही कॉलेजच्याच दारात आणून ठेवतात. आणि गार्ड ‘बदलला’ म्हणजे नेमकं काय झालं? बहुधा आज तो दुसऱ्या कुठल्या तरी गेटवर, दुसऱ्या रजिस्टरपुढे बसला आहे. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे. एजन्सीला परवाना लागतो, नेमलेल्या माणसाच्या चारित्र्याची पडताळणी आणि प्रशिक्षण लागतं. त्या गार्डची पडताळणी झाली होती का, एजन्सीचा परवाना क्रमांक काय, हे दोन प्रश्न कॉलेजला लेखी विचारा. उत्तर आलं नाही तरी काही बिघडत नाही. उत्तर न देणंही पुढे कामाला येतं.

फोन घरी आले म्हणून कॉलेज सुटेल असं मला वाटत नाही. या मुद्द्यावर ते भांडतील हे नक्की. पण नंबर कुठून मिळाला? गेटवर, ड्युटीच्या खुर्चीत बसून, कॉलेजच्या रजिस्टरमधून. आणि पिवळा सूट त्यानं कुठून पाहिला? तुम्हाला सर्वांत घाण वाटलेला तो मेसेजच तुमचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. पाळत आवारात होती, हे त्यानं स्वतःच्या बोटांनी लिहून दिलं आहे.

या रजिस्टरवर थोडं थांबते, कारण इंदूरच्या निम्म्या कॉलेजांच्या गेटवर ही वही उघडी पडलेली दिसते. दोरीला बांधलेलं पेन, आणि मागच्या पानावर काल आलेल्या सगळ्या मुलींचे नंबर. सुरक्षेचं धोरण विचारलं की हीच वही दाखवतात. यूजीसीनं २०१५ मध्ये विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. प्रवेशद्वारं मोजकी असावीत, तिथं कॅमेरे असावेत, निदान एक महिला रक्षक असावी, आणि अनोळखी येणाऱ्यांची नोंद ओळखपत्रासह ठेवावी, असं त्यात आहे. अनोळखी येणाऱ्यांची! कॉलेजातच शिकणाऱ्या मुलीची ओळख तिच्या विभागात विचारून किंवा प्रवेश क्रमांकावरून पटते. तिचा मोबाइल नंबर गार्डकडे जायचं कारणच नाही. या सूचना आहेत, कायद्याइतकी सक्ती त्यांना नाही, हे खरं. पण तुमच्या अर्जात त्यांचा उल्लेख असू द्या, आणि रजिस्टरचं ते पान जपून ठेवण्याची मागणीही. त्या पानावर गार्डच्या अक्षरात तुमच्या मुलीचा नंबर आहे.

‘एवढ्याशा कॉलेजात कमिटी कुठली’ या वाक्याचा हिशोब सरळ आहे. दहा किंवा जास्त कर्मचारी असले की अंतर्गत तक्रार समिती हवीच. शिक्षक, लिपिक, शिपाई, माळी आणि हो, गार्डही धरून दहा. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर तीन विद्यार्थी प्रतिनिधी, बाहेरची एक सदस्य, अध्यक्षस्थानी ज्येष्ठ प्राध्यापिका, आणि निम्म्याहून कमी नाहीत इतक्या स्त्रिया. वरिष्ठ प्रशासकीय पदावरच्यांना विनियम समितीतून बाहेर ठेवतात; तेव्हा प्रिन्सिपलसाहेब ‘मीच समिती’ म्हणाले तर तेही चालणार नाही. समिती न नेमल्यास पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. गोवा विद्यापीठातून निघालेल्या ऑरेलियानो फर्नांडिस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये या समित्या कागदावर तरी आहेत का, हे तपासायला सांगितलं, यावरून देशभरची अवस्था कळावी. तुम्ही मात्र अर्ज ‘अंतर्गत तक्रार समिती, द्वारा प्राचार्य’ असाच द्या. समिती नसली तर ती नेमण्याची घाई त्यांना होऊ दे. एक प्रत विद्यापीठाला, एक उच्च शिक्षण विभागाच्या इथल्या अतिरिक्त संचालकांना, एक जिल्हाधिकाऱ्यांना. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते.

पोलिसांकडे जावं का? माझं मत, जावं. आणि समितीची वाट न पाहता जावं. दोन्ही वाटा एकाच वेळी चालतात. भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ पाठलागाचं आहे: बाईनं स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं. तुमच्या मुलीनं दोनदा ‘फोन करू नका’ लिहिलं, त्यानं हे कलम अर्धं सिद्ध केलं. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पण गुन्हा जामीनपात्र आहे. तो त्याच दिवशी थान्यातून बाहेर आला तर हाय खाऊ नका. राजेंद्र नगर थान्यात ‘कॉलेज आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ वर बोट ठेवा. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून मग पाठवायचा असतो. अशा गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. नाहीच नोंदवली, तर इंदूरला आता आयुक्तालय आहे, म्हणून विभागाच्या पोलीस उपायुक्तांना लेखी, आणि त्यापुढे मॅजिस्ट्रेट. अर्ज हिंदीत लिहा. आपलं मराठी कितीही शुद्ध असलं तरी थान्यातला मुन्शी ते वाचणार नाही. १८१ची सीएम हेल्पलाइन कॉलेजच्या ढिलाईसाठी ठेवा. ती एफआयआरची जागा घेत नाही.

मुलीचा तो फोन विकू नका, रीसेट करू नका, दुरुस्तीलाही देऊ नका. त्या नंबरचं संभाषण पुसलं नसेल तर तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, पण स्क्रीनशॉटला मूळ फोन समजू नका. संभाषणाची प्रत न्यायालयात द्यायची तर नव्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर निकालानं २०२० मध्ये, जुन्या पुरावा कायद्याखाली, ती अट पक्की केली. मूळ फोन हाती असला की निम्मी कटकट वाचते. गेटच्या कॅमेऱ्याचं ऑगस्टचं चित्रण एव्हाना पुसलं गेलं असेल, डीव्हीआर भरला की जुनं आपोआप जातं. त्याचं दुःख नको. कॉलचा तपशील पोलीस मोबाइल कंपनीकडून मागवतील.

परीक्षेची भीती मला समजते. मुख्य पेपर विद्यापीठाचे असतात. कॉलेजच्या हातात सीसीईचे, म्हणजे अंतर्गत मूल्यमापनाचे, गुण आणि हजेरी. तक्रारदार मुलीला हजेरीत सवलत किंवा रजा देण्याची तरतूद विनियमांत आहे, ती अर्जातच मागा. आणि तिचं नाव बाहेर फोडायला २०१३ च्या कायद्याचं कलम १६ मनाई करतं. हे ह्यांना वाचून दाखवा. ग्राहक आयोगात जाऊ का, असं पुढे कुणी सुचवेल. शिक्षण ही ग्राहक कायद्यातली ‘सेवा’ नाही असं सर्वोच्च न्यायालयानं वेगवेगळ्या प्रकरणांत म्हटलं आहे, तेव्हा तिकडे पैसे घालू नका.

शेवटी जे मला पत्र वाचतानाच खटकलं ते. एवढ्या मोठ्या पत्रात सर काय म्हणाले ते आहे, हे काय म्हणतात ते आहे. मुलगी काय म्हणते ते कुठंच नाही. ती एकोणीस वर्षांची आहे. कायद्यानं तक्रारदार ती आहे, तुम्ही नाही. तिला स्वतःला तक्रार देणं शक्य नसेल तर तिच्या लेखी संमतीनं प्रकार माहीत असलेली दुसरी व्यक्ती अर्ज देऊ शकते. पण संमती तिचीच लागते. एकदा तिला एकटीला गाठून कुणीतरी सही घेतली आहे. आता तुम्ही घरी बसवून दुसऱ्या कागदावर घेऊ नका. हे उत्तर आधी तिला वाचू द्या, तिला नको असेल तर तिचं ‘नको’ ऐका, आणि वाचणं आणि ठरवणं यांत एखादा दिवस जाऊ द्या. २१ डिसेंबरला अजून वेळ आहे.

ती हो म्हणाली तर अर्ज तिच्याच शब्दांत असू दे, मोडकातोडका असला तरी चालेल. तुम्ही सोबत जा, पण बोलू तिला द्या. प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय ऑफिसातून निघू नका. ‘सर मीटिंगमध्ये आहेत, उद्या या’ म्हणाले तर तिथूनच पोस्टात जा, स्पीड पोस्ट करा आणि पावती त्या फोनच्या शेजारी ठेवून द्या.