वाचकांचे प्रश्न : जुना मासा नव्याला टिकू देत नाही

प्रश्न : माझ्याकडे चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी खाऱ्या पाण्याची टाकी आठ महिन्यांपासून आहे. तीत क्लाऊनफिशची जोडी आणि एक काळा डॉमिनो डॅमसेल आहे. गेल्या महिन्यात पिवळा टँग आणून सोडला, तर दुसऱ्या दिवशी तो फाटलेल्या परांनिशी पंपामागे दडून बसलेला दिसला आणि तिसऱ्या दिवशी मेला. आता पिवळा टँग, पावडर ब्लू टँग आणि जांभळा डॉटीबॅक आणण्याचा विचार आहे. ते एकेक करून सोडावेत की एकदम? टाकीत मांडण्यासाठी किनाऱ्यावरचे दगड चालतील का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : आपण दिलेल्या मापांवरून टाकीत सुमारे 340 लिटर पाणी मावते, दगड आणि वाळूची जागा वजा केली की प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी राहते. एवढ्या जागेत दोन टँग ठेवू नयेत. पावडर ब्लू टँग वीस सेंटिमीटरहून मोठा होतो, त्याला पोहायला लांब टाकी लागते आणि टँगमधल्या तापट जातींत त्याची गणना होते. तो यादीतून काढून टाकावा, असे मी स्पष्टच सांगतो.

खरा प्रश्न मात्र आपल्याकडे आधीपासून असलेल्या डॉमिनोचा आहे. विकत घेताना नखाएवढा असलेला, तीन पांढऱ्या ठिपक्यांचा हा मासा वाढतो तसे त्याचे ठिपके फिके होतात आणि स्वभाव तिखट होतो. आठ महिने एकट्याने फिरल्यावर तो संपूर्ण टाकी आपलीच समजतो. गोव्यात जमिनीच्या मेरेवरून सख्खे शेजारी वर्षानुवर्षे बोलत नाहीत, हे आपण पाहतोच. त्यांना निदान वेगवेगळ्या घरांत राहता येते, टाकीतल्या नव्या माशाला पळून जायला जागाच नसते. म्हणून पहिले काम डॅमसेलला बाहेर काढण्याचे. जाळी घेऊन त्याच्यामागे धावण्यात अर्थ नाही, तो फटीत शिरतो. टाकीतलेच पाणी बादल्यांत भरून सगळे दगड त्यांत काढून ठेवावेत, म्हणजे तो उघडा पडतो. कपारीत अडकून तो दगडासोबत बादलीत गेला नाही ना, हे मात्र पाहावे. दगड परत मांडताना जुनी रचना मुद्दाम मोडावी, गुहा आणि आडोसे नव्या ठिकाणी करावेत. त्यामुळे क्लाऊनफिशनाही आपली जुनी हद्द सापडत नाही आणि सगळ्यांनाच नव्याने जागा शोधावी लागते. क्लाऊनफिशची मादी आपल्या बोटांवर धावून आली, तरी तिची फारशी काळजी करू नये. ती आपल्या कोपऱ्यापुरतीच भांडते.

आता एकेक की एकदम? सौम्य मासा आधी आणि भांडखोर शेवटी, हा नियम सर्वसाधारणपणे योग्य आहे. परंतु जे दोघे सारखेच हट्टी आहेत त्यांना एकाच दिवशी सोडणे अधिक बरे, कारण त्यांच्यापैकी कोणालाही आधीचा ताबा सांगता येत नाही. पिवळा टँग मोकळ्या पाण्यात फिरून शेवाळ खुडतो, डॉटीबॅक कपारीत राहतो. आकार, रंग आणि राहणी वेगळी असल्याने त्यांचे आपसांत वैर सहसा होत नाही. भांडण पेटते ते सारख्या दिसणाऱ्यांत. म्हणून हे दोघे एकत्र सोडावेत. अडचण एवढीच, की एकदम दोन मासे वाढल्याने टाकीत माशांची घाण पचवणाऱ्या जिवाणूंवर भार येतो. पहिला आठवडा या घाणीतून होणारे विषारी अमोनिया आणि नायट्राइट रोज मोजावेत व बदलण्यासाठी खारे पाणी तयार ठेवावे.

तत्पूर्वी दोघांना चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावे. टँगला पांढऱ्या ठिपक्यांचा रोग चटकन जडतो. अंगावर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे दिसतात आणि मारहाणीचा ताण त्याला आणखी वाढवतो. माझ्याकडचा पहिला टँग मी भर दुपारी, सगळे दिवे चालू असताना थेट सोडला होता. संध्याकाळपर्यंत तो पृष्ठभागाजवळच्या कोपऱ्यात डोके खुपसून उभा होता. तेव्हापासून मी भोके पाडलेला पारदर्शक डबा टाकीत अडकवतो आणि नवा मासा चार-पाच दिवस त्यात ठेवतो. जुने मासे डब्यावर धडका देऊन थकले आणि नवा मासा आतून खाऊ लागला, की दिवे मालवून रात्री त्याला सोडतो.

सोडल्यानंतर वाळलेल्या समुद्री शेवाळाच्या पट्ट्या टाकीच्या दोन्ही टोकांना चिमट्याने लावाव्यात. थोडा पाठलाग होणारच. पाठलाग करणारा मध्येच थांबून परत फिरत असेल तर क्रमवारी ठरते आहे असे समजावे. पर फाटलेले दिसले किंवा मासा खायला बाहेर येईनासा झाला, तर सकाळची वाट न पाहता त्याला त्याच डब्यात परत घ्यावे. टँगला हातात धरू नये. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा धारदार काटा असतो, तो बोट चांगलेच कापतो.

किनाऱ्यावरचे दगड आणू नयेत. जांभा झिजून पाण्यात लाल माती सोडतो. आणि लाटांनी आणून टाकलेले प्रवाळ उचलणेही टाळावे, कारण कठीण प्रवाळांना 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. दुकानातला चुनखडीयुक्त कोरडा खडक घ्यावा. बाहेर काढलेला डॅमसेल दुकानदाराला परत द्यावा किंवा मोठी टाकी असलेल्या एखाद्या छंदिष्टाला द्यावा. दोना पावलाच्या धक्क्यावरून समुद्रात सोडून देण्याचा मोह अनेकांना होतो, पण टाकीतला रोग त्याच्यासोबत समुद्रात जाऊ शकतो. तसे करू नये.