शिट्टी आली की फेडर नव्हे, आधी उघडे माइक मोजा

प्रश्न थोडक्यात असा: फिरोदिया करंडकासाठी बसवलेल्या सादरीकरणात चार गायक, पेटी, तबला, ढोलकी, कीबोर्ड, गिटार, लॅपटॉपवरचे ट्रॅक आणि हेडसेट लावलेले सहा नट. मिक्सर १६ चॅनेलचा, ॲनालॉग. तालमीत शिट्टी येते (स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून होणारी), फेडर (आवाजाची सरकती खुंटी) उतरवला की मागच्या रांगेला शब्द कळत नाहीत.

गेनशी (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ती खुंटी) खेळण्याआधी एका वेळी किती माइक उघडे आहेत ते मोजा. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधी हाताशी असलेला आवाज साधारण ३ डेसिबलने घटतो. बाराचे तीन केलेत तर ६ डेसिबल फुकटात परत मिळतात. म्हणून संहितेची एक प्रत मिक्सरवाल्याची. प्रत्येक एंट्रीच्या दोन वाक्यं आधी समासात चॅनेल नंबर लिहायचा, आणि नट विंगेत गेला की लगेच म्यूट. पानं उलटायला शेजारी दुसरा माणूस लागतोच. एकट्याने दोन्ही जमत नाही.

ढोलकीला माइक देऊ नका. नाट्यगृहात ती तशीच पोचते, वर गायकांच्या माइकमध्येही घुसते. तिला बाजूला आणि थोडं मागे बसवा. मग हिशोब असा: गायक ४, पेटी १, तबला १, हेडसेट ६, कीबोर्ड मोनो १, गिटार १, लॅपटॉप २. बरोबर १६. पण '१६ चॅनेल' लिहिलेल्या बऱ्याच मिक्सरवर माइकची सॉकेट त्याहून कमी असतात, बाकी लाइनची. तुम्हाला माइकची १४ लागतील (कीबोर्ड, गिटारचे डीआय, म्हणजे वाद्य माइकच्या सॉकेटला जोडणारे डबे, धरून). भाड्याने घेण्याआधी सॉकेट मोजा.

तबल्याला एकच माइक असेल तर दायाँ-डग्ग्याच्या मधोमध, १५-२० सेंटिमीटर वर, आणि जो कमी ऐकू येतो त्याच्याकडे किंचित वळवून. पेटीचा माइक भात्यापासून लांब ठेवा, नाहीतर भात्याची हवा आणि खटखट सुरांआधी ऐकू येते.

मॉनिटर, म्हणजे गायकांकडे तोंड केलेला स्पीकर, ही खरी गोम. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचं ऐकणारा) माइक पाठीमागून सर्वात कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर माइकच्या बरोबर शेपटीच्या रेषेत हवा. हायपरकार्डिऑइडला (समोरचा पट्टा आणखी अरुंद) मागूनही थोडं ऐकू येतं. तिथे मॉनिटर शेपटीपासून चांगला बाजूला सरकवा. मॉनिटरमध्ये मुख्य आवाज आणि पेटी, एवढंच. तबला शेजारीच वाजतो, तो कशाला? पेटी ऐकू आली नाही तर गायक सूर सोडतात आणि दोष साउंडवाल्यावर येतो. तंबोऱ्याचं ॲप लावत असाल तर तेही फक्त मॉनिटरला. आणि माइकची जाळी मुठीत धरणाऱ्या गायकाला आधीच सांगा: मागची छिद्रं झाकली की माइक सगळीकडून ऐकू लागतो, शिट्टी तिथूनच सुरू होते.

सगळं जागेवर आलं की मगच इक्वलायझर (खालच्या-वरच्या स्वरांच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करणारा). आवाजाच्या चॅनेलवर साधारण १०० हर्ट्झखालचं कापा. मग मॉनिटर हळूहळू चढवा. शिट्टी सुरू होईल ती पट्टी ३-४ डेसिबल खाली. असे तीन-चार काप पुरे. त्याहून जास्त केलेत तर आवाज डब्यातून आल्यासारखा लागतो. रिकाम्या थिएटरमध्ये घुमणं जास्त असतं, माणसं भरली की वरच्या पट्ट्या शोषल्या जातात. तेव्हा प्रयोगाला शब्द थोडे वर घ्यावे लागतील, तेवढी जागा राखून ठेवा.

हेडसेटची कॅप्सूल ओठांच्या कोपऱ्याशी, तोंडासमोर नाही, म्हणजे 'प', 'भ'चे फटके बसत नाहीत. कॉलर माइक (कपड्याला अडकवायचा छोटा) असेल तर मंगळसूत्र आणि नऊवारीचा पदर हे दोन शत्रू. केसांच्या रेषेत कपाळावर टेप लावून बसवा. तालमीला जुने सेल चालतील, प्रयोगाला सगळ्या ट्रान्समीटरमध्ये नवे.

लॅपटॉप चार्जरला लावल्यावर गुणगुण येत असेल तर ते अर्थ लूप (अर्थ दोन वाटांनी जोडला जाणं). लॅपटॉप डीआयमधून जोडला असेल तर त्यावरचा ग्राउंड लिफ्ट (सिग्नलच्या वाटेतला अर्थ तोडणारं बटण) दाबा, नाहीतर प्रयोगापुरता चार्जर काढा. चार्जरच्या प्लगची अर्थची पिन मात्र कधीच तोडू नका, शॉक बसतो. वायफाय, ब्लूटूथ आणि नोटिफिकेशनही बंद, नाहीतर शोकाच्या प्रसंगात कुणाचं तरी 'टिंग' वाजेल.

स्पर्धेत मांडणीचा वेळ मोजकाच मिळतो, म्हणून फेडरखाली पांढरी टेप लावून नावं आदल्या दिवशीच लिहा, आणि केबलच्या दोन्ही टोकांना तोच नंबर.