जुन्या बुलेटचे हेड गॅस्केट गळती न होता कसे बसवावे?

तुम्ही दिलेली माहिती अशी आहे: वडिलांच्या वेळची, लोखंडी सिलिंडरची ३५० सीसी बुलेट, वर्षभरात दोनदा हेड गॅस्केट (हेड आणि सिलिंडर यांच्यामध्ये दाबून बसणारा पातळ थर) बदलूनही उजव्या बाजूला हेड आणि सिलिंडर यांच्या सांध्यातून ऑइल झिरपते आणि इंजिन तापल्यावर तिथूनच बारीक फसफस ऐकू येते, मेकॅनिकचे म्हणणे असे की नट आणखी आवळू आणि या वेळी सिलंट (सांधा बुजवणारी लुगदी) भरपूर लावू. माझ्या मते या दोन्ही गोष्टी करू नयेत. एकाच जागी दोनदा गळती झाली म्हणजे दोष गॅस्केटचा नाही, तर ते ज्या दोन पृष्ठभागांमध्ये दाबले जाते त्यांचा, किंवा त्यांना एकत्र धरणाऱ्या स्टडांचा (आटे असलेल्या पोलादी दांड्यांचा) आहे, आणि तो सापडेपर्यंत तिसरे गॅस्केट आणणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय.

तरीही इंजिन उघडण्याआधी गळती खरोखर त्याच सांध्यातून आहे याची खात्री करून घ्या. बुलेटमध्ये रॉकरकडे (हेडवरच्या, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या तरफांकडे) ऑइल बाहेरच्या नळीतून जाते. त्या नळीच्या जोडावरचे तांब्याचे वॉशर कडक झालेले असले किंवा रॉकर कव्हरचे पॅकिंग बसके झालेले असले, की तिथले ऑइल इंजिन थंड ठेवणाऱ्या पंखांवरून ओघळत खाली येते, हेडच्या सांध्यावर साचते आणि दोष हेड गॅस्केटच्या माथी येतो. इंजिन रॉकेलने धुऊन पूर्ण कोरडे करा, रॉकर कव्हरपासून सिलिंडरच्या तळापर्यंत साधी टाल्कम पावडर भुरभुरवा आणि पाच-सात मिनिटे इंजिन चालू ठेवा. पहिली ओली रेघ कुठून सुरू होते ते पांढऱ्या पावडरीवर स्पष्ट दिसते. फसफस होते तिथे इंजिन थंड असताना साबणाचे पाणी लावून कोणाला तरी सावकाश किक मारायला सांगा. बुडबुडे आले तर ज्वलनकक्षातला वायू बाहेर येत आहे हे नक्की झाले. ब्रीदरची नळी (इंजिनातला दाब बाहेर सोडणारी) आणि तिच्या टोकाला रबरी चोच असल्यास तीही याच वेळी पाहा. ती तुंबलेली असेल तर क्रँककेसमधला (इंजिनाच्या खालच्या पेटीतला) दाब ऑइलला पुशरॉडच्या (रॉकरला ढकलणाऱ्या दांड्यांच्या) बोगद्यांतून वर ढकलतो आणि मग चांगला सांधाही ओला होतो.

या सांध्यावर दोन वेगळी कामे आहेत, हे लक्षात घेतले की पुढचे सगळे सोपे जाते. आतल्या वर्तुळाने जळत्या वायूला अडवायचे असते आणि उजव्या बाजूला, जिथे पुशरॉड वर जातात आणि रॉकरचे ऑइल खाली परतते, तिथे ऑइलला अडवायचे असते. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस सेंटिमीटर. अशा कमी कॉम्प्रेशनच्या पेट्रोल इंजिनात स्फोटाच्या क्षणी दाब ३० ते ४० बारपर्यंत जातो असे धरले, तर हेडला वर उचलू पाहणारा जोर सव्वा ते दीड टनाच्या आसपास येतो. त्यात हेड अॅल्युमिनियमचे आणि सिलिंडर बिडाचे. उष्णतेने अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे प्रत्येक वेळी गाडी तापून निवताना हेड सिलिंडरवर किंचित सरकते आणि गॅस्केट दोन्हींच्या मध्ये घासले जाते. पृष्ठभाग सपाट आणि स्वच्छ असेल तर ते हे वर्षानुवर्षे सहन करते.

हेड इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढा; गरम असताना नट सोडले तर हेड वाकण्याची शक्यता असते. टाकी, कार्ब्युरेटर, सायलेन्सरची नळी, ऑइलची नळी, हेडला फ्रेमशी बांधणारी पट्टी, मग रॉकर आणि पुशरॉड, हा क्रम तुमच्या मेकॅनिकला पाठ असेलच. कोणता पुशरॉड इनलेटचा आणि कोणता एक्झॉस्टचा याची खूण करून ठेवायला मात्र सांगा. हेड चिकटले असेल तर स्क्रूड्रायव्हर सांध्यात घालून उचकटू देऊ नका. त्या एका ओरखड्यातून पुढची गळती सुरू होते. लाकडी ठोकळा ठेवून हलकेच ठोकले की हेड सुटते.

निघालेले जुने गॅस्केट फेकू नका, ते उजेडात धरून नीट पाहा. जिथे ते व्यवस्थित दाबले गेले होते तिथे एकसारखा, थोडा चकचकीत ठसा दिसतो. जिथे गळती होती तिथे आतल्या कडेपासून बाहेर जाणारा काळा पट्टा असतो, आणि ऑइलची गळती असेल तर पुशरॉडच्या भोकापासून बाहेरच्या कडेपर्यंत तपकिरी, फुगलेला भाग असतो. हा पट्टा हेड आणि सिलिंडरच्या ज्या जागेवर येतो तिथेच पुढची तपासणी करायची. जुन्या प्रकारच्या गॅस्केटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते, म्हणून चिकटलेले तुकडे कोरडे खरवडू नका आणि त्यांवर तारेचा ब्रश फिरवू नका. ऑइल किंवा पाणी लावून ओले ठेवा आणि लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने काढा.

आता सपाटी. काचवाल्याकडून दहा-बारा मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा आणा आणि तो टेबलावर कापड पसरून त्यावर ठेवा. काचेवर खूण उमटवणाऱ्या निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्या, हेडचा पृष्ठभाग त्यावर टेकवून थोडासा फिरवा आणि उचला. जिथे निळा रंग लागला नाही ती जागा खोलगट आहे. सिलिंडरच्या माथ्यावर सरळ पोलादी पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर ठेवून खालून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचे माप) घालून पाहा. ०.०५ मिलिमीटरची पाती कुठेही सहज आत गेली तर मी तो पृष्ठभाग तसाच बसवणार नाही. अनेकदा असे आढळते की स्टडाच्या भोकाच्या तोंडाशी धातू वर ओढला जाऊन उंचवटा झालेला आहे. आधीच्या कोणी तरी प्रमाणाबाहेर नट आवळल्याची ती खूण असते, आणि त्या उंचवट्यामुळे आजूबाजूचे गॅस्केट कधीच पूर्ण दाबले जात नाही. तोंडाला बारीक चॅम्फर (तिरपी कड) दिला की तो उंचवटा जातो. हेडची थोडी खोट काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवून, त्यावर रॉकेल टाकून आणि हेड मराठी चारच्या आकारात सावकाश फिरवून दूर करता येते; खोट जास्त असेल तर ते काम मशिन शॉपचे आहे.

परंतु लेथवाल्याकडे हेड देऊन ‘फेसिंग मारून आण’ एवढेच सांगणे धोक्याचे आहे, आणि तुमच्या बाबतीत असे आधी झाले असण्याची मला शंका आहे. बुलेटच्या सिलिंडरच्या माथ्यावर बोअरभोवती (पिस्टन वरखाली होतो त्या भोकाभोवती) वर आलेली एक कॉलर असते आणि ती हेडमधल्या गोल खाचेत जाते. गॅस्केट या कॉलरच्या बाहेरच्या सपाट भागावर बसते. हेडचा बाहेरचा भाग घासला की खाच तेवढीच उथळ होते, कॉलर खाचेच्या तळाला आधी टेकते आणि गॅस्केटच्या वाट्याला पुरेसा दाब येतच नाही. व्हर्नियरच्या मागच्या काडीने कॉलरची उंची आणि खाचेची खोली दोन्ही मोजा. समजा, कॉलर ५.० मिलिमीटर आणि खाच ४.२ मिलिमीटर भरली, तर कॉलर टेकल्यावर बाहेर ०.८ मिलिमीटर फट राहील; आवळल्यावर ०.७ मिलिमीटर होणारे गॅस्केट तिथे नुसते ठेवल्यासारखे असेल, आणि कॉम्प्रेशन चांगले असूनही पुशरॉडच्या बाजूने ऑइल येत राहील. असे आढळले तर खाच त्या प्रमाणात खोल करून घ्यावी किंवा योग्य जाडीचे गॅस्केट करून घ्यावे. उलट, जाड गॅस्केटमुळे कॉलर खाचेत टेकतच नसेल, तर वायूला अडवण्याचा सगळा भार गॅस्केटच्या आतल्या कडेवर पडतो. फट भरायची म्हणून दोन गॅस्केटे एकावर एक घालण्याचा उद्योग मात्र करू नका: सांधे वाढतात, आणि अर्ध्या मिलिमीटरने हेड वर गेले तर ३४६ सीसीच्या या इंजिनाचे ६.५ हे कॉम्प्रेशनचे प्रमाण ६.३ वर येते.

स्टडांकडे कोणी पाहत नाही, आणि निम्मे काम तिथेच बिघडते. पाना फिरवताना लावलेल्या जोरातला फार थोडा भाग, ढोबळमानाने दहावा हिस्सा, प्रत्यक्ष सांधा दाबण्यासाठी उपयोगी पडतो; उरलेला नटाखालच्या आणि आट्यांमधल्या घर्षणात जातो. त्यामुळे आटे गंजलेले किंवा मळलेले असतील तर टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर दाखवणारा पाना) बरोबर आकडा दाखवेल, पण सांधा सैल राहील. आटे तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने साफ करा, नट हाताने शेवटपर्यंत फिरतो का ते पाहा, ताणून मान बारीक झालेला स्टड बदला आणि खोलगट झालेल्या वॉशरच्या जागी जाड, कडक वॉशर वापरा. जुन्या बुलेटमध्ये इंची आटे असतात. त्यांवर मिलिमीटरचा नट जबरदस्तीने चढवलेला आढळला तर तो स्टडही बाद समजावा.

गॅस्केट कोणते घ्यावे? सपाटी चांगली असेल तर साधे कंपोझिट (एकाहून अधिक पदार्थांचे मिळून बनलेले) गॅस्केट पुरेसे आहे. ते नवे, कोरडे आणि एकदाच वापरायचे. निव्वळ तांब्याचे गॅस्केट टिकाऊ असते, पण दाबले की तांबे कडक होते, म्हणून बसवण्यापूर्वी ते मऊ करावे लागते. अंधाऱ्या जागी गॅसच्या ज्योतीवर ते मंद लालसर दिसेपर्यंत सगळीकडून सारखे तापवा आणि पाण्यात बुडवा. पोलाद असे केल्याने कडक होते, तांबे मऊच राहते. वर आलेला काळा थर चिंच आणि मीठ लावून निघतो. नंतर ते धुऊन कोरडे करा आणि काचेवर ठेवून सपाट आहे ना ते पाहा. मऊ केलेले तांबे हाताळतानाही वाकते, तेव्हा जपून.

सिलंटबद्दल माझे मत स्पष्ट आहे. बोअरभोवती काहीही लावू नये. तांब्याचे गॅस्केट असेल तर पुशरॉडच्या भोकांभोवती, उष्णता सहन करणाऱ्या सिलंटचा बोटाने पुसून घेतल्यासारखा पातळ थर चालतो. जाड वळी लावली तर बाहेर दिसते त्याच्या तेवढीच आतही निघते, सुटून ऑइलमध्ये पडते आणि ऑइलच्या बारीक वाटा बुजवते.

बसवताना दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसा आणि नंतर त्यांना हात लावू नका. गॅस्केटवरचे प्रत्येक भोक सिलिंडरच्या भोकाशी जुळते का ते आधी कोरडे ठेवून पाहा. सुट्या मिळणाऱ्या गॅस्केटांत पुशरॉडच्या जागेची कड बोगद्यात आलेली किंवा फारच अरुंद राहिलेली मी पाहिली आहे. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर (दाबाच्या फेरीतल्या सर्वात वरच्या जागी) आणा, हेड सरळ खाली उतरवा, सर्व नट हाताने टेकेपर्यंत फिरवा आणि मग समोरासमोरचे नट घेत तीन टप्प्यांत आवळा: ठरलेल्या टॉर्कच्या एक तृतीयांश, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण. तो आकडा तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या, आणि तो कोरड्या आट्यांसाठी आहे की ऑइल लावलेल्या, हेही पाहा. ऑइल लावून कोरड्याचा आकडा वापरला तर स्टड जास्त ताणला जातो. रॉकर यानंतर बसवा. गॅस्केटची जाडी बदलली की पुशरॉडची फटही बदलते, म्हणून इंजिन थंड असताना आणि टीडीसीवर उजव्या बाजूचे टॅपेट कव्हर उघडून ती नव्याने जुळवावीच लागते: पुशरॉड बोटांनी फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये.

पहिल्यांदा इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवा आणि रात्रभर निवू द्या. तापल्यावर अॅल्युमिनियमचे हेड पोलादी स्टडापेक्षा जास्त वाढते, त्यामुळे गॅस्केटवरचा दाब वाढून ते आणखी दबते आणि थंड झाल्यावर नट थोडे सैल पडतात. सकाळी एकेक नट अगदी थोडा सोडून पुन्हा ठरलेल्या टॉर्कपर्यंत आवळा. एका वेळी एकच नट सोडायचा. हेच काम दीड-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा करा आणि दोन्ही वेळा पुशरॉडची फट तपासा. घाईत हाच टप्पा सर्वाधिक वेळा गाळला जातो, कारण त्यासाठी टाकी पुन्हा काढावी लागते.

एवढे केल्यानंतर पुशरॉडच्या बाजूला महिन्याभरात थोडा ओलसरपणा दिसला तर मी इंजिन लगेच उघडणार नाही. आधी ब्रीदर आणि ऑइलच्या नळीचे वॉशर पुन्हा पाहीन. वायूची फसफस मात्र पुन्हा ऐकू आली तर गाडी चालवू नका. तो तप्त झोत मऊ अॅल्युमिनियममध्ये खाच कोरत जातो, आणि मग काचेवर घासून भागत नाही. हेड वेल्डिंगने भरून पुन्हा मशिनवर घ्यावे लागते, त्यातही कॉलरच्या खाचेची खोली नव्याने जुळवावी लागते.