वेगवेगळ्या भाषा-संस्कृतींतली मुलं नाटकामुळे खरंच जवळ येतात का? सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. गटात पंधरा ते वीस वयाची मुलं आहेत, घरच्या भाषा चार-पाच आहेत, काही कुटुंबं नुकतीच दुसरीकडून येऊन स्थायिक झाली आहेत, आणि वर्षअखेरीस 'आपण सारे एक' या विषयावर नाटक बसवायचं असं संस्थेनं ठरवून टाकलंय. यातून संवाद होईल का, की नुसता एक कार्यक्रम पार पडेल, ही तुमची शंका. बारा-तेरा वर्षं तरुणांच्या नाट्यशिबिरांत काम केल्यावर मी एवढं सांगू शकते की संवाद होतो, पण तो तालमीत होतो. प्रयोगाचा विषय काय आहे याचा त्याच्याशी फार संबंध नसतो. म्हणून त्या विषयाचं दडपण आधी मनातून काढा.

सुरुवातीला मीसुद्धा वेगळंच करायची. पहिल्याच दिवशी सांगायची की प्रत्येकानं आपापल्या घरचं काहीतरी आणा, गाणं, गोष्ट, पोशाख, काहीही. मुलं आणायची, टाळ्या पडायच्या, फोटो छान यायचे. एकदा एक सोळा वर्षांची मुलगी गाणं म्हणून झाल्यावर माझ्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "ताई, मला हे गाणं येत नव्हतं. काल आजीला फोन करून शिकले. मला खरं तर लाइट्स करायचे होते."

ते ऐकून मला फार वाईट वाटलं. ती नाटक करायला आली होती आणि मी तिला तिच्या समाजाची प्रतिनिधी करून उभं केलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ती लाइट्सवर बसली. मग गंमत बघा, तोवर तिच्याशी एक शब्दही न बोललेल्या दोन मुलांना आपल्या प्रवेशाच्या वेळी उजेड कधी वाढणार हे तिलाच विचारावं लागायचं. ती त्यांना दटावायची, "तू खुणेच्या आधी पुढे येतोस, म्हणून अंधारात राहतोस." आठवडाभरात तिघं मिळून क्यूची वही, म्हणजे कुठल्या खुणेवर कोणता उजेड याची नोंद, लिहीत बसलेली दिसली. कुणी कुणाच्या संस्कृतीबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

असं का होतं, याचं उत्तर मानसशास्त्रात बरंच जुनं आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 साली मांडलं की दोन गटांतले लोक नुसते एकत्र आले म्हणून पूर्वग्रह जात नाहीत. दोघांचा दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी आणि या सगळ्याला वरच्यांचा पाठिंबा हवा. 2006 साली थॉमस पेटिग्रू आणि लिंडा ट्रॉप यांनी अशा संपर्कावरचे 500 हून जास्त अभ्यास एकत्र तपासले. संपर्कानं पूर्वग्रह साधारणपणे कमी होतो आणि या अटी पाळल्या तर आणखी कमी होतो, असं त्यांना दिसलं. आता नाटकाची तालीम आठवा. प्रयोगाची तारीख हे सगळ्यांचं एकच ध्येय, आणि समोरच्यानं वाक्य दिलं नाही तर आपलं वाक्य लटकणार, ही गरज. तुमच्या संस्थेचा पाठिंबाही आहे. चारांतल्या तीन अटी आयत्याच मिळतात.

चौथी, म्हणजे सारखा दर्जा, मात्र आपोआप मिळत नाही. ज्याची भाषा स्पष्ट, उच्चार 'शुद्ध', त्याला मोठी भूमिका, आणि नवख्या मुलांना गर्दीतला माणूस किंवा नेपथ्य हलवणारे हात, हे बहुतेक ठिकाणी नकळत होतं. बाहेरची उतरंड जशीच्या तशी रंगमंचावर येते. तेव्हा माझा पहिला सल्ला असा की पहिले दोन-तीन आठवडे संहिता आणूच नका. संवाद नकोत, पाठांतर नको.

त्याऐवजी खेळ घ्या. हे मी पोरांना रमवण्यासाठी म्हणत नाही. आज जगभर जे नाट्यखेळ घेतले जातात त्यांतले कितीतरी व्हायोला स्पोलिन या अमेरिकन नाट्यशिक्षिकेच्या कामातून आलेत, आणि त्यांनी ते शिकागोत स्थलांतरितांच्या मुलांबरोबर काम करताना घडवले. भाषा आणि चालीरीती वेगळ्या असलेल्या मुलांना एकत्र शिकवायचं तर व्याख्यान देऊन चालत नाही, खेळाचे नियम मात्र सगळ्यांना कळतात, हा त्यांचा अनुभव. म्हणजे तुमची आजची अडचण हीच या पद्धतीची जन्मकथा आहे.

आरशाचा खेळ तुम्हाला माहीत असेल. दोघं समोरासमोर उभे राहतात, एकानं हळू हालचाल करायची, दुसऱ्यानं तशीच करायची, आणि मग पुढाकार नेमका कुणाचा हे कळेनासं होईपर्यंत चालू ठेवायचं. जोड्या मात्र तुम्ही लावा, मुलांवर सोडू नका.

दुसरा माझा अगदी आवडीचा आहे. एक कारकून, एक प्रवासी, प्रवाशाची बॅग हरवली आहे आणि दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. साधारणपणे यात निरर्थक, बनावट भाषा बोलायची असते. एकदा एका मुलीनं तसं न करता कारकून म्हणून थेट आपली घरची भाषा सुरू केली. समोर गटातला सगळ्यात बोलका मुलगा. त्यानं बॅगेचा आकार हातांनी दाखवला, पट्टा दाखवला, चेन उघडून दाखवली. ती शांतपणे एक काल्पनिक फॉर्म पुढे करत राहिली. त्यानं तो उलटा धरला. तिनं सरळ करून दिला. एका जागेवर बोट ठेवून तिनं काहीतरी तीनदा विचारलं, दर वेळी थोडं मोठ्यानं. तो घामेजला, आवाज चढवला, आणि शेवटी खरोखर चिडून खाली बसला. नंतरच्या गप्पांत तो काहीच बोलला नाही आणि मीही उकरून काढलं नाही. पुढच्या आठवड्यात मात्र गटाला काही समजावून सांगताना तो मध्येच थांबून तिच्याकडे बघायला लागला, तिला कळलंय का म्हणून. मला तेवढं पुरेसं होतं.

हा पाया घातला की फोरम थिएटरकडे, म्हणजे प्रेक्षकही ज्यात रंगमंचावर उतरतात अशा नाटकाकडे, वळा. ऑगस्टो बोआल या ब्राझीलच्या रंगकर्मीनं ते उभं केलं. त्याची सुरुवात कशी झाली हे बोआल स्वतः सांगत. 1973 साली ते पेरूमध्ये साक्षरतेच्या कामावर होते. नवऱ्यानं फसवलेल्या एका बाईची गोष्ट नट सादर करत होते आणि तिनं आता काय करावं हे प्रेक्षक सुचवत होते. प्रेक्षकांतली एक बाई म्हणाली, तिनं नवऱ्याशी स्पष्ट बोलावं. नटीनं स्पष्ट बोलून दाखवलं. बाईचं समाधान होईना. पुन्हा करून दाखवलं, तरी नाही. शेवटी बोआलनी तिलाच रंगमंचावर बोलावलं, तर तिनं नवरा झालेल्या नटाला झाडूनं बडवून काढलं. तिच्या लेखी 'स्पष्ट बोलणं' हे होतं!

मला ही गोष्ट वेगवेगळ्या संस्कृतींच्या संवादाबद्दल सर्वांत जास्त शिकवते. शब्द दोघांना कळला होता, दोघं मान डोलवत होते, आणि अर्थ पूर्ण वेगळे होते. 'आदर', 'मोकळेपणा', 'मोठ्यांचं ऐकणं', 'मैत्री' या शब्दांवर चर्चासत्र घ्या, सगळे सहमत होतील. तोच शब्द करून दाखवा म्हणा, मग फरक दिसतो.

पद्धत अशी. आठ-दहा मिनिटांचा एक प्रवेश बसवायचा, ज्यात एकावर अन्याय होतो आणि तो हरतो. एकदा पूर्ण दाखवायचा. मग पुन्हा सुरू करायचा. आता प्रेक्षकांतला कुणीही 'थांबा' म्हणून पुढे येऊ शकतो, हरणाऱ्याची जागा घेऊन वेगळं काही करून बघू शकतो. बाकीचे नट आपापल्या भूमिकेत ठाम राहतात, उगाच नमतं घेत नाहीत. अन्याय करणाऱ्याला बदलायचं नाही, कारण तो एकाएकी सज्जन झाला तर कुणालाच काही शोधावं लागत नाही. सूत्रधाराला बोआल 'जोकर' म्हणत, पत्त्यांतल्या जोकरासारखा, कुठल्याच रंगाचा नसलेला. हे काम तुमचं. उत्तर द्यायचं नाही, फक्त विचारायचं, "याने जमलं का? आणखी कुणाला करून बघायचंय?"

आमच्या एका गटानं असा प्रवेश केला होता. नवीन आलेल्या मुलीचं नाव कुणाला नीट उच्चारता येत नाही, म्हणून वर्गानं तिला एक सुटसुटीत नाव देऊन टाकलंय. तिला ते आवडत नाही, ती हसून घेते. पहिल्या मुलानं तिच्या जागी येऊन भांडण काढलं, वर्गानं त्याला आणखी चिडवलं. दुसरीनं नावाचा अर्थ समजावायला घेतला, कुणी ऐकेना. मग एका मुलानं विचारलं, "तिच्या बाजूला जी गप्प उभी आहे, तिची जागा घेतली तर चालेल?" मी हो म्हटलं. तो आला आणि काही न करता पुढच्या वाक्यात सहज तिचं पूर्ण नाव घेऊन मोकळा झाला. खोलीत एकदम शांतता पसरली. ज्या मुलीसोबत प्रत्यक्षात असं घडत होतं ती तेव्हा म्हणाली, "माझ्यासाठी भांडू नका. नाव दोनदा नीट घ्या, बाकीचे शिकतील." त्या दिवशी बहुतेक मुलांना आपण त्या गप्प उभ्या मैत्रिणीत दिसलो होतो, आणि गटात बदल घडवण्याची सगळ्यात जास्त जागा तिथेच असते.

आता काही गोष्टी तळमळीनं सांगते, कारण यात मुलं दुखावलेली मी पाहिली आहेत. खरे अनुभव पहिल्या महिन्यात मागू नका, आणि कधीही मागितले तरी 'नाही सांगायचं' म्हणण्याचा हक्क सगळ्यांसमोर जाहीर करा. ज्याची गोष्ट त्यालाच त्या भूमिकेत उभं करू नका. नावगाव, प्रसंग बदलून ती गटाची गोष्ट होऊ द्या. दुसऱ्या समाजातलं पात्र करताना कुणी उच्चारांची नक्कल करून हशा मिळवायला लागला तर तालीम तिथेच थांबवा. तो हशा तुमचं महिन्याभराचं काम पाच मिनिटांत पुसतो. कुणाच्या मनातली जुनी जखम उघडली तर आपण समुपदेशक नाही हे लक्षात ठेवून योग्य माणसाकडे पाठवायची सोय आधीच करून ठेवा.

रंगमंचावर भाषा मिसळू द्या, आणि दर वाक्याचं भाषांतर करू नका. एक पूर्ण प्रवेश थोड्यांनाच कळणाऱ्या भाषेत झाला तर उरलेल्या प्रेक्षकांना देहबोलीवरून अंदाज बांधावा लागतो. ते थोडं अवघडलेपण त्यांनी अनुभवायलाच हवं.

आणि सामावून घेण्याचा अर्धा प्रश्न नाटकाबाहेरच असतो. तालीम रात्री उशिरा संपते म्हणून कुणाला घरून पाठवत नाहीत? कोण शिकता शिकता नोकरी करतं? खोली वरच्या मजल्यावर असेल तर चाकाच्या खुर्चीतला मुलगा येणार कसा? यादीत नाव आहे पण मूल येत नाही, त्याचं कारण बहुतेकदा अशाच ठिकाणी सापडतं. एकदा वेळ फक्त दीड तास अलीकडे आणली तर चार मुली परत आल्या.

संस्थेला पुरावा लागेल, तर 2008 ते 2010 या काळात 12 देशांत झालेल्या 'डाइस' या शिक्षणातल्या नाट्याचा परिणाम तपासणाऱ्या संशोधन प्रकल्पाचा आधार द्या. त्यात चार हजारांहून जास्त विद्यार्थी होते. शिक्षणात नाट्य अनुभवलेली मुलं अल्पसंख्याक आणि परदेशी लोकांबद्दल जास्त सहिष्णू आढळली.

मी स्वतः मात्र एक वही ठेवते. पहिल्या आठवड्यात मधल्या सुट्टीत कोण कुणाजवळ बसलं याचा साधा नकाशा काढायचा, नुसती वर्तुळं आणि आद्याक्षरं, आणि दर दोन आठवड्यांनी पुन्हा. मागच्या गटात सुरुवातीला तीन घट्ट पुंजके होते, सहाव्या आठवड्यात दोन विरघळले, तिसरा तसाच राहिला. आणि दोन मुलं सगळ्या नकाशांत एकटीच होती. एक मुलगा दाराजवळ, एक खिडकीशी. रंगमंचावर दोघं इतकी छान काम करायची की मला ते चौथा नकाशा काढेपर्यंत दिसलंच नाही. तुम्ही पहिल्या आठवड्यापासून बघा.