‘द रेड रन्स’: लाल रंग पळाला नाही, सुटला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्यात तुम्ही ऑफिस सांभाळता, परदेशी गिऱ्हाइकाच्या एकाच मेलमध्ये ‘रन’ चार वेळा आलाय आणि ‘धावणे’ धरून एकही वाक्य लागत नाही. लागणारही नाही ओ. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात क्रियापद म्हणून ‘रन’चे ६४५ अर्थ नोंदले आहेत. पूर्वी हा मान ‘सेट’कडे होता. पण ६४५ पाठ करायची गरज नाही, आधी मेल बघू.

‘द रेड रन्स इन द वॉश.’ ही तक्रार आहे, आणि तातडीची. धुतल्यावर लाल रंग सुटून शेजारच्या पांढऱ्या पट्टीला लागतोय. आपल्याकडे गिऱ्हाईक चादर हातात घेऊन ‘रंग जाईल का?’ विचारतं, त्यात दोन्ही आलं: फिका पडणं आणि सुटून दुसऱ्याला लागणं. इंग्रजीत ही दोन वेगळी दुखणी आहेत. फिका पडला तर ‘फेड’, सुटून पसरला तर ‘रन’ किंवा ‘ब्लीड’. म्हणून डाईंगवाल्याला नुसतं ‘रंग जातोय म्हणे’ असं कळवू नका. तो उन्हातला पक्केपणा तपासत बसेल आणि दोष निघेल धुण्यातल्या पक्केपणात.

‘वी आर रनिंग लो ऑन बाथ टॉवेल्स’ म्हणजे साठा संपत आलाय, अजून संपलेला नाही. संपला असता तर ‘रन आऊट ऑफ’ आलं असतं. (क्रिकेटातला रनआऊट इथं डोक्यातून काढा.) एक गंमत बघा: मराठीत ‘पीठ संपलं’ म्हणतो, कर्ता पीठ. इंग्रजीत बहुतेक वेळा माणूसच कर्ता होतो, ‘वी रॅन आऊट ऑफ फ्लाउर’. आणि धंद्याच्या दृष्टीनं हे वाक्य म्हणजे पुढच्या ऑर्डरची चाहूल आहे, त्याला उत्तर आधी द्या.

‘प्लीज रन द न्यू सॅम्पल बाय अस बिफोर द प्रॉडक्शन रन.’ इथं दोन ‘रन’ आहेत. पहिला: सॅम्पल आधी आम्हाला दाखवा, आमचं मत घ्या. दुसरा नाम आहे: एका सेटिंगवर सलग काढलेला माल. म्हणजे होकार येईपर्यंत माग लावायचे नाहीत.

आता मूळ मुद्दा. आपण ‘रन’ला ‘धावणे’च्या खुंटीला बांधलं, तिथंच घोळ झाला. त्याचा खरा जोडीदार ‘चालणे-चालवणे’ आहे. माग चालतो, दुकान चालवतो, कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चालवतो: तिन्हीकडे ‘रन’. एकदा सुरू झालं की आपल्या मार्गानं सलग चालू राहणारी गोष्ट असली की ‘रन’ बहुधा बसतो. नळ चालू आहे, नाक वाहतंय, रस्ता नदीकाठानं जातो, मधुमेह घराण्यात आहे, या सगळ्याला तोच. मात्र उलटा हिशेब करू नका. लहान मूल चालतं तेव्हा ‘वॉक’, आणि ‘हा रंग चालेल’ म्हणायचं तर ‘धिस विल डू’. सिद्धेश्वर एक्स्प्रेस तेवढी दोन्ही भाषांत धावते.

निवडणुकीत अमेरिकन उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटिश ‘स्टँड’ करतो. आपला उमेदवारही उभाच राहतो.

तुमच्या कामाचा आणखी एक शब्द, ‘रन-ऑफ-द-मिल’. आज त्याचा अर्थ सामान्य, त्यात विशेष काही नाही असा. मूळ अर्थ गिरणीतून निघाला तसा, प्रत न लावलेला माल. ज्या गावात ‘जुनी गिरणी’ हा पत्ता म्हणून सांगितला जायचा, त्या गावाला हे वेगळं समजवायला नको. पण स्वतःच्या मालाच्या माहितीपत्रकात तो घालू नका. एकानं घातलेला मी वाचलाय, त्याला बहुधा ‘थेट गिरणीतून’ म्हणायचं होतं.

मागचा छोटा शब्द बदलला की अर्थ पार पालटतो, तिथं जपून. नवी पेठेत मामा अचानक भेटले तर ‘रॅन इन्टू’. ‘रॅन ओव्हर’ लिहिलंत तर मामा तुमच्या गाडीखाली आले. ‘रन डाऊन’ म्हणजे एखाद्याला नावं ठेवणं, गाडीनं उडवणंही. पण ‘आय फील रन डाऊन’ म्हणजे थकून गेलोय, अंगात त्राण नाही. ‘रनिंग अ टेम्परेचर’ म्हणजे ताप आहे. ‘रनिंग लेट’ म्हणजे उशीर होतोय, यात पळापळ असेलच असं नाही.

राहिली रूपं: रन, रॅन, रन. तिसरं पहिल्यासारखंच. ‘हॅज रॅन’ बऱ्याच मेलमध्ये दिसतं, ते चूक. ‘द स्टॉक हॅज रन आऊट’ बरोबर.