तारकर्लीला डाईव्ह, संध्याकाळी आंबोली? जरा थांबा

डाईव्ह कॉम्प्युटर, म्हणजे पाण्याखाली अजून किती मिनिटं राहता येईल हे सांगणारं मनगटावरचं यंत्र, खोली नव्हे, दाब मोजतो. पाण्यात उतरण्याआधीचा हवेचा दाब हे त्याचं शून्य, म्हणून तो पाण्याबाहेरच सुरू करा. काही मॉडेल उंची आपोआप ओळखतात. सुंतो झूपमध्ये ती हाताने लावावी लागते: ए० म्हणजे ३०० मीटरपर्यंत, ए१ १५०० पर्यंत, ए२ ३००० पर्यंत. डोंगरातल्या तलावात समुद्राची सेटिंग राहिली, तर तो हक्कापेक्षा जास्त मिनिटं दाखवतो आणि तुम्ही खुशाल खाली राहता! शिवाय उंचावर पोचल्यावर किमान ३ तास थांबून मगच पाण्यात उतरा.

डाईव्हमध्ये अंगात नायट्रोजन विरघळतो, आणि बाहेरचा दाब घटला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानाच्या केबिनमधला दाब २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका उतरू शकतो. डेकोशिवाय, म्हणजे वर येताना नायट्रोजन बाहेर पडावा म्हणून सक्तीचे थांबे न लागता, एकच डाईव्ह झाली असेल तर किमान १२ तास थांबा, अनेक डाईव्ह किंवा सलग दिवस असतील तर १८. डेको लागला असेल तर मी २४ च्या आत तिकीट काढू देणार नाही. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरचं ‘अजून उडू नका’ सांगणारं विमानाचं चिन्ह त्याआधी गेलं तरी मोठा आकडाच पाळा.

घाटालाही हेच लागू. आंबोली साधारण ६९० मीटरवर आहे, तेव्हा गाडीनेही लगेच चढू नका.

आणि दोन डाईव्हच्या मधेच मित्राचा कॉम्प्युटर बांधू नका, तुमच्या अंगातला नायट्रोजन त्याला ठाऊक नसतो.