पहिल्या फेरीचं वाचन

प्रिय दोस्ता,

नव्या काल्पनिक जगांच्या स्पर्धेची पहिली फेरी वाचायला तू हो म्हणालास, हे कळलं. अभिनंदन नंतर, आधी थोडी आकडेमोड करू. २००२ साली विझर्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीनं डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून पात्रं वठवत खेळायच्या खेळासाठी नवं काल्पनिक जग शोधायला खुली स्पर्धा घेतली. तुमचं जग एका पानात मांडा, असं आवाहन होतं. सुमारे ११,००० प्रवेशिका आल्या. पानाला तीन मिनिटं धरली तरी साडेपाचशे तास झाले! त्यातल्या ११ जणांकडून दहा-दहा पानं मागवली, मग तिघं उरले, त्यांच्याकडून शंभरेक पानांचा आराखडा लिहून घेतला आणि अखेर कीथ बेकरच्या एबेरॉनची निवड झाली. २००४ मध्ये ते पुस्तकरूपात आलं. तुमच्याकडे एवढा ढीग येणार नाही, पण हजारभर पानं आली तरी डोळ्यांपुढे काजवे चमकायला पुरेशी आहेत.

वाचताना तू वाचक म्हणून बसू नकोस, गेम मास्टर म्हणून, म्हणजे गोष्ट रचून खेळ चालवणारा म्हणून बस. संध्याकाळी चार-पाच जण टेबलाभोवती जमलेत, डाइस बाहेर निघालेत आणि तुझ्या हातात फक्त हे एक पान आहे. त्यावरून तासाभरात खेळ सुरू होईल का? बाकीचे निकष याच्या मागून.

हे सांगायचं कारण म्हणजे चांगली भाषा आपल्याला हमखास फसवते. अखंड संधिप्रकाशात बुडालेलं काचेचं शहर, त्यावर तरंगणारे मनोरे, विस्मरणात गेलेली राणी. वाचून आपण खूश होतो आणि पान वरच्या गठ्ठ्यात टाकतो. तिथं जाऊन खेळाडूंनी करायचं काय, हे विचारलं की पान गप्प. दुसरा नेहमीचा प्रकार इतिहासाचा. पहिल्या परिच्छेदातच तीन हजार वर्षं, पाच देव, त्यांची भाऊबंदकी, फुटलेलं साम्राज्य आणि लोप पावलेली जादू. खेळाडूंची पात्रं कोण आहेत, याचा पत्ता शेवटच्या ओळीपर्यंत नाही. २००२ च्या त्या पानावर नायक कोण, ते काय करतात, धोका कुणाचा, जादूचं स्वरूप काय, यात नवं काय, अशी विचारणाच केलेली होती. तुमच्या नियमावलीत तशी सोय नसेल तर हे प्रश्न कागदावर लिहून समोर चिकटव.

आता उलट बाजूचा एक नमुना, मीच रचलेला. समज, एक पान आलं. भाषा ओबडधोबड, शुद्धलेखनाचा आनंदीआनंद. पण त्यात लिहिलंय : या राज्यात मेलेला माणूस मृत्यूनंतर तीन दिवस न्यायालयात साक्ष देऊ शकतो. बस्स, इथं थांब आणि पेन्सिल उचल. म्हणजे खुनी प्रेत पुरणार नाही, तीन दिवस लपवून ठेवेल. श्रीमंत लोक मरायच्या आधी वकील नेमतील. प्रेतं वेळेत पोचवणारी माणसं असतील, आणि त्यांना वाटेत अडवणारीही. एक गाडी, एक प्रेत, राजधानीला दोन दिवसांची वाट आणि मागावर कुणीतरी. खेळाच्या पहिल्या बैठकीची तयारी झालीसुद्धा. एका नियमातून पात्रांचे धंदे, खलनायक आणि घाई, तिन्ही बाहेर पडले. अशा पानाला शुद्धलेखनापायी मागे ढकललंस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

नवेपणाबद्दलही थोडं सांगतो, कारण परीक्षक इथं फार गोंधळतात. एल्फ, म्हणजे अशा कथांतले नेहमीचे टोकदार कानांचे लोक, दिसले की 'जुनंच' म्हणून पान बाजूला ठेवायचं, ही आळशी सवय आहे. एबेरॉनमध्ये एल्फ आहेत, बुटके ड्वार्फ आहेत, ड्रॅगनही आहेत. फरक इतकाच की तिथली जादू रोजच्या वापरातली झाली आहे. बांधून ठेवलेल्या एलिमेंटलच्या, म्हणजे वारा-अग्नीसारख्या तत्त्वांच्या जिवांच्या जोरावर रेल्वे धावते, रस्त्यावर जादूचे दिवे आहेत. त्यात जवळपास शंभर वर्षं चाललेलं युद्ध नुकतंच संपलंय, त्यामुळे हेरांना, बातमीदारांना आणि काम सुटलेल्या सैनिकांना आपोआप जागा मिळते. डंजन्स अँड ड्रॅगन्सचंच दुसरं जग, १९९१ चं डार्क सन घे. धातू दुर्मिळ, म्हणून शस्त्रं हाडांची आणि दगडाची. आणि बेदरकारपणे जादू केली की आसपासची झाडंझुडपं राख होतात. अशा जगात मंत्र म्हणण्याआधी खेळाडू दहादा विचार करतो. नवेपणा मोजायचा तो इथं, खेळाडूच्या निर्णयात. एल्फचे कान निळे केले, त्यांचं नाव बदललं, याला माझ्या लेखी शून्य गुण.

वाचण्याच्या पद्धतीबद्दल फार सांगत नाही, तू शिस्तीचा आहेस. नावं झाकून घे. दहापैकी गुण देत बसू नकोस, 'हो', 'नाही' आणि 'पुन्हा बघू' एवढे तीन गठ्ठे पुरतात. प्रत्येक 'नाही'पुढे एका ओळीत कारण लिही. लिहिता आलं नाही तर ते पान 'पुन्हा बघू'त जाईल. सुरुवातीची पन्नासेक पानं शेवटी परत वाच, कारण तोवर तुझी नजर बदललेली असते आणि त्या बिचाऱ्यांवर अन्याय झालेला असू शकतो. तू स्वतःही कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकींत चालणारी खेळाची गोष्ट, लिहितोस, म्हणून तुझ्या वह्यांतल्या कल्पनांची तारखेसह एक प्रत आयोजकांकडे आधीच देऊन ठेव. तुझ्या जगाशी मिळतंजुळतं पान आलं तर ते दुसऱ्याकडे सोपव.

एका बाबतीत मात्र आयोजकांशी भांड. प्रत्येक पान दोघांनी वाचायचं आणि गुणांची सरासरी काढायची, असं ते म्हणतील. दोघांनी वाचणं ठीक, सरासरी नको. सगळ्यांना 'बरं आहे' वाटलेलं पान सरासरीत तरतं. एकाला वेड लावणारं आणि दुसऱ्याला मुळीच न आवडलेलं पान मधेच कुठेतरी बुडतं. अशी पानं वेगळी काढून तिसऱ्याला द्यायला सांग. आणि त्यातलं एखादं तुझं लाडकं असेल, तर बैठकीत त्याचं कौतुक करत बसू नकोस. दहा मिनिटं मागून घे, परीक्षकांच्या हातात डाइस दे आणि त्या पानातला पहिला प्रसंग त्यांनाच खेळायला लाव.

पहिला गठ्ठा हाती आला की कळव.

तुझा,
जुना गेम मास्टर